ई४६च्या नेव्हिगेशनच्या जागी स्वतः बांधलेला कॉम्प्युटर

बीएमडब्ल्यूची ई४६ ही थ्री सिरीज २००६च्या आसपास बंद झाली, पण जर्मनीत आणि इंग्लंडात ती अजून रस्त्यावर भरपूर दिसते. तिकडे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या दारातही ती उभी असते. इंजिन ठणठणीत, सीट चांगल्या, आणि डॅशबोर्डच्या मधोमध सीडी किंवा डीव्हीडीवरून नकाशा वाचणारा एक म्हातारा पडदा. त्याला अलीकडचे बायपास ठाऊक नाहीत आणि पत्ता टाकायचा तर गोल बटण फिरवत एकेक अक्षर निवडावं लागतं.

बाजारात या गाडीसाठी तयार अँड्रॉइड युनिट मिळतात. दुपारभरात बसतात आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. ज्यांना मूळ बटणं, मूळ रेडिओ आणि मूळ रूप तसंच ठेवून फक्त आतला मेंदू बदलायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ई३९ फाइव्ह सिरीज आणि ई५३ एक्सफाइव्ह यांची रचनाही बरीचशी अशीच असते. भारतातल्या अलीकडच्या गाड्यांना यातला बसचा (गाडीतले भाग ज्या तारेवरून एकमेकांशी बोलतात तिचा) भाग लागू नाही, तिथे कॅन बस असते आणि तिचा हिशेब वेगळा. पण वीजपुरवठ्याचा भाग कुठल्याही बारा व्होल्टच्या गाडीला जसाच्या तसा लागू पडतो, आणि खरं काम तिथेच आहे. गाडीत कॉम्प्युटर चालू करणं कुणालाही जमतं. त्याला वेळेवर आणि पूर्ण झोपवणं हेच या प्रकल्पाचं अर्ध्याहून जास्त काम असतं.

काय काढायचं, काय ठेवायचं

या गाडीत नेव्हिगेशनचे भाग विखुरलेले आहेत. डॅशबोर्डवर दिसतो तो फक्त पडदा आणि बटणांची चौकट. नकाशाचा कॉम्प्युटर डिकीत डाव्या बाजूच्या आवरणामागे असतो, रेडिओचा ट्यूनरही तिथेच, आणि सीडी चेंजर (अनेक सीडी ठेवायचा डबा) असेल तर तोही. हे सगळे एकमेकांशी एका तारेवरून बोलतात.

काढायचा तो फक्त नकाशाचा डबा. रेडिओ, अँप्लिफायर, स्पीकरची वायरिंग, पडद्याची चौकट आणि बटणं, सगळं जागच्या जागी राहू द्या. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: पडद्यावर अक्षरं आणि चित्रं काढायचं काम त्या डब्यातच होतं, त्यामुळे तो निघाला की रेडिओच्या स्टेशनचं नाव पडद्यावर दिसत नाही. रेडिओ बटणांवर चालत राहतो.

एकही मूळ तार कापू नका. जुन्या गाड्यांच्या भंगारातून या डब्यांचे प्लग तारांच्या शेपटीसकट स्वस्तात मिळतात. ते घेऊन मधला जोड बनवा, म्हणजे उद्या गाडी विकताना जुना डबा अर्ध्या तासात परत बसतो. ई४६ आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांची झाली आहे, आणि कापलेलं वायरिंग दिसलं की गिऱ्हाईक भाव पाडतं.

कॉम्प्युटर कुठला

रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणू. त्यातला पाय ४, चार जीबी मेमरीचा, या कामाला पुरेसा आहे. पाय ५ जास्त वेगवान आहे, पण त्याला पाच व्होल्टवर पाच अँपिअरपर्यंत वीज हवी आणि तो तापतोही जास्त. नकाशा आणि गाणी यांसाठी तो हट्ट धरू नये. पाय ५मध्ये घड्याळ आत असतं, त्याला फक्त छोटी बॅटरी जोडायची. पाय ४मध्ये ते नाही, म्हणून डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा किंवा वेळ जीपीएसवरून घ्या.

जागा डिकीतलीच, जुन्या डब्याच्या ब्रॅकेटवर. बारा व्होल्ट, ग्राउंड आणि बसची तार तिथे आधीच आलेली आहे, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड जितका भाजतो तितकी डिकी भाजत नाही. पायचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो. डॅशबोर्डमागे कोंडला तर उन्हाळ्यात ती वेळ लवकर येते.

वीज

गाडीची वीज बारा व्होल्टची असते हे बोलण्यापुरतं. उभ्या गाडीत ती १२.६ असते, इंजिन चालू झालं की १४च्या आसपास जाते, थंडीत सेल मारला की क्षणभर आठच्याही खाली बसते. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीचा जोड सुटला तर क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं. सिगारेट लायटरमध्ये खोचायचा स्वस्त चार्जर यापुढे टिकत नाही.

म्हणून वाहनांसाठी बनवलेला, साधारण ६ ते ३६ व्होल्ट इनपुट चालणारा, पाच व्होल्टला किमान पाच अँपिअर देणारा कन्व्हर्टर घ्या. त्याच्या आधी टीव्हीएस डायोड (उसळलेलं व्होल्टेज कापणारा भाग) आणि त्याच्याही आधी फ्यूज. फ्यूज जिथून वीज घेता त्या टोकाशी असावा, कॉम्प्युटरच्या टोकाशी नाही. त्याचं काम तारेला आगीपासून वाचवण्याचं आहे. पाय आणि पडदा मिळून बारा व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेतात, तेव्हा पाच अँपिअरचा फ्यूज आणि एक चौरस मिलिमीटरची तार ठीक.

कन्व्हर्टर पायच्या शेजारीच ठेवा. बारा व्होल्ट लांब न्यायला हरकत नाही, पाच व्होल्ट लांब नेऊ नये. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय पडद्यावर विजेचं चिन्ह दाखवतो, आणि तीन अँपिअर वाहताना बारीक यूएसबी केबलमध्ये तेवढं व्होल्टेज सहज हरवतं. ते चिन्ह एकदा जरी दिसलं तरी आधी तार बदला, सॉफ्टवेअरमध्ये खोट शोधत बसू नका.

आता झोपवण्याचं. पायची वीज थेट किल्लीवर लावली तर किल्ली काढताच तो धाडकन बंद पडतो आणि कधीतरी मेमरी कार्ड खराब होतं. कायमच्या विजेवर लावला तर बॅटरी उतरते. शटडाउन केलेला पायसुद्धा थोडी वीज पीतच राहतो. बारा व्होल्टच्या बाजूला नुसते १०० मिलिअँपिअर धरले तरी आठवड्यात १६.८ अँपिअर-तास होतात. ७० अँपिअर-तासांची, थोडी जुनी बॅटरी असेल तर विमानतळावर दोन आठवडे ठेवलेली गाडी परत आल्यावर उठणार नाही.

म्हणून मध्ये एक राखणदार हवा: छोटा मायक्रोकंट्रोलर (ठरवून दिलेलं एकच काम करणारी चिप) आणि एक मॉसफेट (वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). तयार बोर्ड मिळतात, हौस असेल तर स्वतः बनवता येतो. त्याने क्रमाने हे करायचं:

१. किल्ली पहिल्या टप्प्यावर आली की कन्व्हर्टर चालू करायचा.
२. किल्लीचा सिग्नल गेला तर लगेच काही करायचं नाही, दहा सेकंद थांबायचं. सेल मारताना हा सिग्नल क्षणभर जाऊ शकतो.
३. तरीही सिग्नल नसेल तर दहा मिनिटं कॉम्प्युटर चालू ठेवायचा, फक्त पडदा बंद करायचा.
४. मग पायला एका पिनवरून बंद होण्याचा इशारा द्यायचा.
५. पाय आपण बंद झालो असं दुसऱ्या पिनवरून कळवतो. ते कळलं की वीज तोडायची. नाहीच कळलं तर ४५ सेकंदांनी जबरदस्तीने तोडायची.

चौथ्या आणि पाचव्या पायरीसाठी रास्पबेरी पायमध्ये जीपीआयओ-शटडाउन आणि जीपीआयओ-पॉवरऑफ हे दोन ओव्हरले (तयार सेटिंग) आधीपासून आहेत. कॉन्फिग फाइलमध्ये एकेक ओळ लिहिली की झालं. तिसऱ्या पायरीतली दहा मिनिटं पुष्कळांना अनावश्यक वाटतात. पण पेट्रोल भरायला थांबलात, पैसे देऊन आलात, आणि पुन्हा अर्धा मिनिट बूट होण्याची वाट पाहिलीत, की ती का हवीत ते कळतं. त्या दहा मिनिटांचा खर्च एका अँपिअर-तासाच्या दहाव्या भागाइतकाही नसतो.

हे सगळं गाडीत नेण्याआधी टेबलावर तपासा. व्होल्टेज बदलता येणारा पुरवठा घ्या, १२ वरून ९ वर, मग ७ वर आणा. पाय जागाच राहिला पाहिजे. इथे दोन संध्याकाळ गेल्या तरी त्या सत्कारणी लागल्या समजा.

बस : गाडीशी बोलायचं कसं

डिकीत येणाऱ्या तारांमध्ये पांढरी, तिच्यावर लाल आणि पिवळी रेघ असलेली तार शोधा. ती आय-बस. बीएमडब्ल्यूत ग्राउंडची तार तपकिरी असते. रंगांवर विसंबून न राहता मल्टीमीटर लावून खात्री करा. काही बोलणं चालू नसताना या तारेवर बॅटरीइतकं व्होल्टेज असतं, त्यामुळे ती थेट पायच्या पिनला लावली तर पाय संपला. मध्ये ट्रान्सीव्हर हवा, म्हणजे दोन्हींकडचं व्होल्टेज जुळवून संदेश देणारी-घेणारी चिप. टीएच३१२२ ही चिप यासाठी वापरली जाते, लिन नावाच्या दुसऱ्या एका बसचे ट्रान्सीव्हरही चालतात. तयार यूएसबी अडॅप्टर घेतला तर सगळ्यात सोपं.

वेग ९६०० बॉड, आठ बिट, ईव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट. पॅरिटीकडे (चूक पकडणाऱ्या जादा बिटाकडे) लक्ष द्या. पायचा जो मिनी-यूएआरटी (सिरियल पोर्ट) असतो त्याला पॅरिटी येतच नाही, त्यामुळे त्यावर अर्धे संदेश गाळात जातात आणि माणूस सोल्डरिंग तपासत बसतो. पाय ४मध्ये दुसरे पूर्ण क्षमतेचे यूएआरटी आहेत, ते ओव्हरलेने चालू करून वापरा. यूएसबी अडॅप्टरला ही अडचण नाही.

संदेशाची रचना सरळ आहे: पाठवणाऱ्याचा पत्ता, पुढे किती बाइट आहेत ती लांबी, घेणाऱ्याचा पत्ता, मजकूर, आणि शेवटी पडताळणीचा बाइट. हा शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या सगळ्यांचा एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०). सगळे आकडे सोळाच्या पायावरचे. रेडिओचा पत्ता ६८, सीडी चेंजरचा १८, स्टिअरिंगवरच्या बटणांचा ५०, मीटरच्या काट्यांचा ८०. गाडी चालू करून बस नुसती ऐकत बसलात तर मधूनमधून हे दिसेल:

६८ ०३ १८ ०१ ७२

रेडिओ सीडी चेंजरला विचारतोय, ‘आहेस का रे?’ लांबी तीन, कारण पुढे तीन बाइट आहेत. पहिल्या चारांचा एक्सॉर करून पाहा, ७२ येतो. चेंजर नसेल तर या हाकेला कुणी ओ देत नाही. पुढे आपला पाय ओ देणार आहे.

पहिले काही दिवस फक्त ऐका, बसवर काहीही पाठवू नका. स्टिअरिंगवरचं एकेक बटण दाबा, मोठं गोल बटण फिरवा, काय उमटतं ते वहीत लिहा. दाबणं आणि सोडणं यांचे संदेश वेगळे असतात. मीटरकडून येणाऱ्या संदेशांत ११ हा किल्लीच्या स्थितीचा: त्यापुढे ०० म्हणजे बंद, ०१ पहिला टप्पा, ०३ दुसरा. १८ने सुरू होणारा मजकूर वेग आणि इंजिनाच्या फेऱ्या देतो. पहिला आकडा दुपटीने घेतला की ताशी किलोमीटर, दुसरा शंभरपट घेतला की आरपीएम. १९मध्ये बाहेरचं आणि कूलंटचं तापमान असतं. ई४६च्या मीटरमध्ये काटा मधोमध गप्प बसलेला असतो, इथे मात्र कूलंटचा खरा आकडा मिळतो. जुन्या गाडीच्या मालकाला नकाशापेक्षा याचंच अप्रूप जास्त वाटतं.

पाठवायला लागाल तेव्हा दोन पथ्यं. एक, बस रिकामी आहे हे पाहून मगच बोला, आणि टक्कर झाली तर पुन्हा पाठवा. दोन, दरवाजे, काचा, दिवे आणि किल्लीची चोरीरोधक यंत्रणा यांच्या पत्त्यांवर इंटरनेटवरून उचललेले संदेश गंमत म्हणून पाठवू नका. याच तारेवरून काचा खाली येतात आणि कुलपंही उघडतात. त्याच कारणाने पायचा वायफाय हॉटस्पॉट उघडा ठेवू नका आणि पासवर्ड भक्कम ठेवा.

पडदा

मूळ पडद्याला आरजीबी सिग्नल लागतो तो जुन्या टीव्हीच्या चालीचा, आजच्या एचडीएमआयशी त्याचा संबंध नाही. रूपांतर करणाऱ्या पेट्या आहेत, पण चित्र पुसट येतं आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. १६:९ची चौकट असेल तर तिच्यातली फक्त काच बदलावी हे उत्तम. ६.५ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलचं पॅनेल आणि त्याचा एचडीएमआय कंट्रोलर बोर्ड असा जोड मिळतो. चौकट उघडून जुनं पॅनेल काढा, बटणांचा मूळ बोर्ड तसाच ठेवा. बटणं बसवर बोलत राहतात आणि बाहेरून काही बदललेलं दिसत नाही. अनेक गाड्यांत या पडद्यामागे कॅसेट डेक असतो. तो काढला तर कंट्रोलर बोर्डाला ऐसपैस जागा होते.

टच बसवता येतो, पण मला तो या गाडीत नको वाटतो. पडदा खाली आहे, हात लांब करून तिथे बोट नेमकं टेकवणं चालत्या गाडीत जिकिरीचं. गोल बटण न बघता फिरवता येतं. जर्मनीत रस्ते वाहतूक नियमांच्या २३व्या कलमात चालकाने पडद्याकडे नुसती ओझरती नजर टाकावी एवढीच मुभा आहे, टचस्क्रीनही त्यात धरले आहेत. चालत्या गाडीत व्हिडिओ दिसणार नाही अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवा. वेग बसवरून कळतोच.

पडद्याचा उजेड रात्री कमी होईल हे पाहा. नाहीतर काळोख्या रस्त्यावर काळ्या पार्श्वभूमीचा नकाशाही डोळ्यांत घुसतो.

आवाज

पायच्या ३.५ मिमी जॅकचा आवाज गाडीत लावण्याजोगा नाही. यूएसबी डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग) किंवा पीसीएम५१०२ चिपचा छोटा बोर्ड लावा. तो आवाज रेडिओत नेण्याचे दोन रस्ते: रेडिओला ऑक्स (बाहेरचा आवाज घेणारा इनपुट) असेल तर तो कोडिंग करून, म्हणजे गाडीचं सेटिंग बदलून उघडणं, किंवा पायने सीडी चेंजरचं सोंग घेणं. दुसरा मला जास्त आवडतो. डिकीत चेंजरसाठी तीन पिनांचा आणि सहा पिनांचा असे दोन प्लग असतात. पहिल्यात वीज आणि बस, दुसऱ्यात आवाज. रेडिओच्या त्या हाकेला पायने नीट उत्तर दिलं की रेडिओ ‘सीडी’ निवडू देतो आणि स्टिअरिंगवरची पुढचं-मागचं गाण्याची बटणं आपोआप कामाला लागतात.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर तो ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडल्याने येणारा गोंगाट. पाय, डॅक आणि पडदा यांचे ग्राउंड एकाच बिंदूवर आणा. तरी गेली नाही तर आवाजाच्या तारेत आयसोलेटर.

जीपीएस आणि नकाशा

यू-ब्लॉक्सचं एनईओ-एम८ मालिकेतलं मॉड्यूल घ्या. जरा पैसे घालायची तयारी असेल तर एम८यू, कारण त्यात हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत आणि बोगद्यात शिरल्यावरही बाण पुढे सरकत राहतो. जुन्या बीएमडब्ल्यू नेव्हिगेशनला हे जमत होतं, ते चाकांचा वेग आणि जायरो (वळण मोजणारा सेन्सर) वापरायचं. नव्याने बसवलेला कॉम्प्युटर आल्प्समधल्या बोगद्यात मख्ख उभा राहिला तर फार वाईट दिसतं. अँटेना मागच्या काचेखालच्या फळीत, वर धातू नसेल अशा जागी ठेवा.

नकाशासाठी नॅव्हिट हे मुक्त सॉफ्टवेअर. ते ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा इंटरनेटशिवाय वापरतं, जीपीएसडी या प्रोग्रॅमकडून जागा घेतं आणि कीबोर्डच्या इशाऱ्यांवर चालतं, त्यामुळे गोल बटणाचे संदेश बाणांच्या कळांत बदलून दिले की झालं. त्याचं मूळ रूप पाहून मन खट्टू होईल. सेटिंगच्या फाइलमध्ये तासभर घालवून अक्षरं मोठी करा, रंग बदला, नको ती बटणं उडवा. ताज्या ट्रॅफिकशिवाय करमत नसेल तर अँड्रॉइड ऑटो पायवर आणणारं ओपनऑटो आहे, फोन यूएसबीने जोडायचा. पण ते टचच्या हिशेबाने बनलेलं आहे आणि फोनच्या प्रत्येक अपडेटनंतर रुसू शकतं. गाडीत स्वतःच्या पायावर उभा असा नकाशा असावा, फोन वरकड.

सॉफ्टवेअर टिकाऊ करणं

रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती घ्या. न लागणाऱ्या सेवा बंद केल्या की बूट वेगाने होतं. सगळं मनासारखं जमल्यावर, त्याआधी नव्हे, रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही आणि वीज अवचित गेली तरी बिघडत नाही. गाणी आणि नकाशे वेगळ्या यूएसबी ड्राइव्हवर. मेमरी कार्ड डॅशकॅमसाठी असतं तसलं जास्त टिकाऊ घ्या आणि चालत्या अवस्थेतली एक प्रत घरी ठेवा.

बसवणं आणि शेवटची तपासणी

डिकीपासून डॅशबोर्डपर्यंत एचडीएमआय केबल न्यायची तर मागच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून आणि कार्पेटमागून. पाच मीटरची चांगली केबल पुरते. वाटेत पिवळ्या रंगाचे प्लग दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांच्या जवळ काम करण्याआधी बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबा, आणि आपली केबल त्यांच्यासोबत बांधू नका. उघड्या जागी केबलभोवती कापडी टेप गुंडाळा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर प्लॅस्टिकवर आपटून टकटक होते आणि पुढचे सहा महिने तुम्ही ती शोधत राहता.

मग गाडी झोपते का ते मोजा. बॅटरीच्या ऋण टोकात मल्टीमीटर अँपिअरवर लावा, डिकीचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने फिरवून डिकी बंद आहे असं गाडीला भासवा, गाडी लॉक करा आणि थांबा. ई४६ साधारण १६ मिनिटांनी झोपते. त्यानंतर आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. येत नसेल तर आपलं काम पूर्ण काढून पुन्हा मोजा, म्हणजे दोष आपला की गाडीचा ते कळेल.

दोष आपला निघाला तर बहुतेक वेळा वीज पिणारा पाय नसतोच. किल्ली काढल्यावरही आपला प्रोग्रॅम चेंजरच्या नावाने बसवर ‘मी आहे’ असं ओरडत असतो आणि त्या प्रत्येक संदेशाने अख्खी गाडी जागी राहते. किल्लीचा ११ ०० हा संदेश आला की बोलणं पूर्ण थांबवा, ट्रान्सीव्हरची वीजही राखणदाराच्या मागूनच घ्या, आणि पुन्हा १६ मिनिटं मोजा.